सूपभर कोंड्याचं लेकरू

सुलक्षणाच्या पोटातलं मूल सगुणाबाईंनी विकलं, तेव्हा सुलक्षणा चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. रविवार होता. राजगड उतरून आलेली पोरं ओसरीवर मांड्या घालून बसली होती आणि "मावशी, कांदा द्या ना अजून" म्हणून सगुणाबाईंना हाका मारत होती. सगुणाबाईंनी त्यांच्या ताटात कांदा टाकला, पदराला हात पुसले आणि परसात जाऊन सगळा व्यवहार उरकून आल्या. सुनेला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. सासूच्या जातीला ती सहसा वाटतही नाही.

घेणारी होती धोंडाबाई, सगुणाबाईंची थोरली चुलत जाऊ. तिनं सुपात तांदळाचा कोंडा आणला होता. तो सगुणाबाईंनी आपल्या पाटीत ओतून घेतला आणि म्हणाल्या, "आक्का, आजपासनं पोटातलं तुमचं. आमचा काय संबंद न्हाई."

"अगं पर जल्मल्याबिगर इकत्यात व्हय कुठं?" धोंडाबाई म्हणाली. "बाजारात म्हस सुदिक दात बघून घेत्यात. तू तर पोटातलंच माझ्या गळ्यात मारतीस."

"जल्मंस्तवर थांबायचं कुणी? गेल्या बारीला जल्मायच्या आदीच गेलं की."

धोंडाबाईनं सूप झटकलं. रिकामं सूप काखेत मारून ती चुलीपाशी आली, सुलक्षणाच्या पोटाकडं बघितलं आणि आपल्या घरी गेली. सुलक्षणानं तव्यावरची भाकरी उलथली.

रीत तशी जुनीच आहे. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथलं नवं पोर सुपात घालून शेजारणीला विकायचं, मोल घ्यायचं कोंड्याचं. नशीब लिहायला आलेल्या सटवाईला वाटावं की पोर या घरचं नव्हेच, आणि कोंड्याच्या मोलाच्या पोरावर कोण कशाला डोळा ठेवतंय. मग पाचवी, बारसं झालं, धोका टळला, की मूठभर कोंडा देऊन पोर परत आणायचं. धोंडाबाईच्या आईनंही तिला असंच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं आणि वर नाव धोंडा ठेवलं होतं. धोंडा टिकला. पुढं तिची पाची लेकरंही जगली, म्हणून सगुणाबाईंनी गिऱ्हाईक म्हणून तिलाच निवडलं. आता त्या पाचांतलं एकही इथं पाली गावात राहत नाही, सगळी भोसरी-हडपसरकडं पांगलेली. सटवाई इतकी भोळी असेल असं वाटत नाही. पण माणूस घाबरलं की देवालासुद्धा भोळं समजतं. सगुणाबाईंची चूक एवढीच झाली की भीतीपोटी त्यांनी घाई केली.

सुलक्षणाचं माहेर किकवीचं, हायवेच्या कडेचं. दिवसरात्र ट्रकांचा आवाज ऐकत मोठी झालेली ही पोरगी बारावीपर्यंत शिकली, स्कूटीवरून कॉलेजला गेली, आणि स्वरूपशी लग्न करून गडाच्या पायथ्याला आली. सुरुवातीला तिला इथली शांतता टोचायची, म्हणून ती स्वतःच बोलत राहायची. गडावर येणाऱ्या मुलींशी तिच्या ओळखी व्हायच्या. पिठलं-भाकरीचा व्याप तिनंच वाढवला, ओसरीवर जेवणाची पाटी तिनंच रंगवली. बोलकी, जरा आगाऊच म्हणा ना, पण घराला हवीहवीशी.

गेल्या साली तिला दिवस राहिले तेव्हा घरानं काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं. सातव्यात ओटी भरली, हिरवी साडी, फुलांचे दागिने, मोबाईलवर फोटो. नंतर भाताची लावणी निघाली. सगळं गाव चिखलात वाकलेलं असताना ही घरी बसेल कशी, म्हणून तीही थोडी वाकली. आठव्यात एक दिवस तिला पोट जड वाटलं, वेगळंच गप्प वाटलं. तिनं सांगितलंही. "झोपलं आसंल, तू बी गप पड," असं सगळ्यांनी प्रेमानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलं होतं. मूल बाहेर आलं ते तिला दाखवलं नाही. "बघू नगंस, जीव आडकतो," असं सगुणाबाई म्हणाल्या आणि ते कापडात गुंडाळून पुरुषांनी नेलं. मुलगा होता की मुलगी, हेही तिला नंतर शेजारणीच्या बोलण्यातून कळलं. मुलगी होती.

मग कारणं निघाली. कुणी म्हणालं लावणीत वाकली म्हणून, कुणी म्हणालं स्कूटी चालवली म्हणून. एकीला पपईचा संशय, दुसरीला फोटोंचा. एवढे फोटो सगळ्यांना पाठवल्यावर दृष्ट लागणार नाही तर काय होणार. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी नक्की कारण सापडत नाही. हेच सगळ्यात वाईट झालं. कारण सापडलं असतं तर ते टाळता आलं असतं. ते नाही म्हटल्यावर सगळंच कारण झालं: उठणं, बसणं, खाणं, हसणं.

म्हणून यंदा पुन्हा दिवस राहिले तेव्हा घरात कुणी ते तोंडानं म्हटलंच नाही. ओटी नाही, साडी नाही, माहेरी निरोपसुद्धा उशिरा. जो तो एकच शब्द बोलायचा, "जप." बसताना जप, उठताना जप, मोरीत जप. काय जपायचं ते कुणी सांगत नव्हतं. स्वरूप खेड-शिवापूरकडच्या कंपनीत कामाला. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत फोन करून "काय केलंय आज" विचारायचा. आता तो फोन करत नव्हता आणि घरी आल्यावर बायकोच्या तोंडाकडं बघून बोलायचा, त्याखाली नजर नेत नव्हता. वाईट माणूस नव्हता. भ्यायला होता, आणि भ्यालेल्या पुरुषाला ते सांगायची सवय नसते. आणि दवाखाना तरी काय जवळ होता? वळणं, चढ, मुक्कामाची एसटी. या सगळ्याचा हिशेब सुलक्षणा आधी पडल्या पडल्या मनात करायची. हिशेब संपला की पुन्हा पहिल्यापासून मांडायची.

मग एके दिवशी ते थांबलं. भीती जाऊन धीर आला असं नाही, तिच्या जागी काहीच राहिलं नाही. चिमटा काढला तर कळेल, पण ओरडावंसं वाटणार नाही, असं तिचं झालं. भाकरी थापायची, भांडी घासायची, कुणी विचारलं तर "हाय बरं" म्हणायचं. गावातली आशा सेविका अश्विनी गोळ्या द्यायला यायची. ती विचारायची, "सुलक्षणावहिनी, झोप लागती का? मनात काय येतंय का?" त्यालाही उत्तर तेच. अश्विनी बिचारी जरा वेळ बसून बघायची, पण शेजारी सगुणाबाई बसलेल्या असायच्या, आणि सासूपुढं सून मनातलं बोलली असं कुठं घडलंय?

अशात तो व्यवहार झाला. सुलक्षणाला त्याचं हसू आलं नाही, रागही आला नाही. उलट बरं वाटलं. पोटातलं आपलं नाही तर त्याची वाट बघायला नको, त्याला नाव शोधायला नको, आणि गेलं तर ते दुसऱ्याचं जाईल. पोटावर हात ठेवायची तिची सवय तशीही मोडत आली होती, ती आता पार मोडली. अंघोळीच्या वेळीसुद्धा ती पाणी वरच्या वर ओतून घ्यायची.

व्यवहार खरा मानला तो फक्त धोंडाबाईनं. रोज सकाळी शेळ्या सोडल्या की काठी टेकत ती दारात हजर व्हायची आणि विचारायची, "काय गं, माझं लेकरू काय म्हणतंय?"

"हाय बरं," सुलक्षणा म्हणायची.

"हंडा खाली ठिव आदी. माझा माल हाय त्यो, तुझ्या बापाचा न्हाई. सगुणे, हिला डाव्या कुशीवर निजू देत जा जरा. आन ह्या गडावरच्या पोरास्नी म्हणावं, हातानं घ्या वाडून, हात मोडल्यात का?"

एकदा तर तिनं पुण्याच्या एका जाडजूड गृहस्थाच्या हातात परात देऊन त्याच्याकडून भांडी विसळून घेतली. तो खूश होऊन त्याचे फोटो काढत बसला. सुलक्षणाला आतून वाटलं, आधीचे दिवस असते तर आपण हसलो असतो. तेवढं वाटून ती राखेचा हात पुढच्या भांड्याला लावायला लागली.

आठवा लागला. पौषातले दिवस, भात झोडून घरात आलेलं, धुकं दुपारपर्यंत गडावरून हलत नव्हतं. एका रविवारी सकाळी डोईवरून पाणी घेताना सुलक्षणाच्या लक्षात आलं की पोटातलं हललेलं नाही. नेहमी गार वारा लागला की आत एक ढुशी बसायची. ती बसली नाही. तिनं टॉवेल घेतला, साडी नेसली आणि चूल पेटवली. त्या दिवशी माणसंही खूप होती. भाकऱ्या थापताना, वाढताना, उष्टी काढताना तिला ते माहीत होतं. अंगावर काटा नाही, डोळ्यांत पाणी नाही. गेल्या वेळी सांगितलं होतं, तेव्हा गप पड म्हणाले. आता न सांगताच ती गप पडली. आणि सांगायचं तरी कुणाला? जिचं आहे तिला, धोंडाबाईला. ती तर त्या दिवशी थोरल्या लेकाकडं भोसरीला गेली होती.

हे वाचून कुणाला सुलक्षणाचा राग येईल. मलाही येतो. पण तिच्या जागी उभं राहून बघितलं तर दुसरं काय दिसत होतं, तेही सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी धोंडाबाई परतली. पिशवीत लेकानं दिलेली बिस्किटं होती, त्यातला एक पुडा तिनं चुलीपाशी ठेवला. "काय गं, माझं लेकरू काय म्हणतंय?"

"हाय बरं."

धोंडाबाई वळली. उंबऱ्यापर्यंत गेली. सुलक्षणा फुंकणीनं जाळ करत होती. ती न वळताच धोंडाबाईला म्हणाली, दूधवाला आला नाही हे सांगावं त्या आवाजात, "आत्या, तुमचं लेकरू काल धरनं हाललं न्हाई."

सगुणाबाई दळण निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला. त्यांनी सुनेकडं बघितलं नाही, जावेकडं बघितलं नाही. सूप मांडीवर तसंच धरून त्या बसून राहिल्या.

धोंडाबाई मात्र परत आली. तिनं फुंकणी काढून घेतली, सुलक्षणाला उभं केलं आणि दारातून हाक मारली, "ए पप्पू, गाडी फिरीव. आत्ताच्या आत्ता."

शेजारच्या पप्पूची पिकअप नुकतीच गिरणीतून भात भरडून आणून उभी होती. पोती अजून उतरायची होती, ती त्यानं तशीच राहू दिली. स्वरूपला फोन लावला तर तो लागेना. कंपनीत मोबाईल बाहेर ठेवायला लावतात. सगुणाबाईंना चला म्हटलं तर त्या उठेनात. "कुठल्या तोंडानं जाऊ म्या?" एवढंच म्हणाल्या. म्हणजे पुढं बसल्या दोघीच, आणि पप्पू.

नसरापूरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता दोघींनी कितीदा केलेला. विंझर येईपर्यंत कुणी बोललं नाही. पप्पू खड्डे चुकवायचा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक न चुकलेल्या खड्ड्याला स्वतःलाच शिवी देत होता. सुलक्षणा समोरच्या काचेतून बघत होती. सीटवर, काचेखालच्या फळीवर, दाराच्या खाचेत, सगळीकडं गिरणीतून आलेला कोंडा बसला होता. तिच्या हाताला तो लागत होता.

मार्गासनी मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, ते मला परत द्या."

"काय?"

"पोटातलं. मला परत द्या ते."

"अगं आजून जल्मलं न्हाई, पाचवी न्हाई, बारसं न्हाई. आसं मदीच कुठं परत घेत्यात?"

"मदीच इकलं बी होतं की." सुलक्षणाचा आवाज तसाच सपाट होता. "जल्मंल न्हाईतर जल्मायचं न्हाई. गेल्या बारीची मला दावली बी न्हाई. कुणाची होती कुणास ठाऊक, आशी गेली ती. तिला आई नव्हतीच जनू. ह्ये गेलं आसंल तर माझं म्हनून जाऊ दे. तुमचं म्हनून न्हाई."

पप्पूनं गाडीचा वेग उगाच कमी केला, मग पुन्हा वाढवला. धोंडाबाई बराच वेळ रस्त्याकडं बघत होती. गेले काही महिने तिला रोज सकाळी कुठंतरी जायचं असायचं, कुणीतरी आपलं आहे असं म्हणायचं असायचं. तेही सोडायचं होतं.

"कोंडा लागतो," ती शेवटी म्हणाली.

सुलक्षणानं सीटवरून हात फिरवला, फळीवरून फिरवला, बोटांनी दाराच्या खाचेतला कोंडा खरवडला. चिमूटभर झाला असेल, त्यात धूळही होती. तिनं तो धोंडाबाईच्या पदरात टाकला. धोंडाबाईनं पदराला गाठ मारली.

"घे. तुझं तुला," ती म्हणाली.

सुलक्षणानं तेव्हा पोटावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी ठेवला. पोट गरम होतं. आत काहीच हालत नव्हतं. आंबवणे गावच्या चढावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नसरापूर येईपर्यंत ते थांबलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी नाव, महिना काही न विचारता तिला आडवी केली. पोटावर गार मलम लावलं आणि बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र फिरवायला सुरुवात केली. यंत्रातून नुसती खरखर येत होती. इथून तिथं, तिथून इथं. धोंडाबाई पडद्यापाशी पदराची गाठ मुठीत धरून उभी होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्र खाली, उजवीकडं दाबलं, आणि आवाज आला. जलद, एका लयीत.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे, ऐका."

कुणाला वाटेल, सुलक्षणाला आनंद झाला असेल. तसं झालं नाही. आवाज ऐकला आणि तिच्या हातापायांना कापरं भरलं. दात वाजायला लागले. इतक्या महिन्यांची भीती तिला एकदमच आली आणि ती आवरेना. धोंडाबाईनं तिचे पाय दाबून धरले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, तो चढलेला होता. त्या रागावल्याही, हालचाल कमी वाटली की त्याच घटकेला यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, कुणी गप पड म्हणालं तरी. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "भीती वाटते का?"

"व्हय," सुलक्षणा म्हणाली. "लई वाटती."

"मग ते आधी सांगायचं. तेही दुखणंच आहे."

त्या दिवशी त्यांनी तिला ठेवून घेतलं. दुपारनंतर स्वरूप आला, हेल्मेट हातातच. दारातून त्यानं आधी धोंडाबाईकडं बघितलं आणि विचारलं, "हाय ना?" धोंडाबाईनं मान हलवली. तो कॉटवर बायकोच्या पायाशी बसला, आणि कितीतरी दिवसांनी त्याची नजर तोंडाखाली गेली. सुलक्षणानं त्याचा हात ओढून पोटावर ठेवला.

दोघी घरी आल्यावर सगुणाबाईंना कळलं की व्यवहार मोडला. त्या धोंडाबाईवर चिडल्या. आजून दीड महिना बाकी हाय, आन तुमी बसलाय परत देऊन, सटवाईला काय कळत न्हाई व्हय? धोंडाबाई म्हणाली, "माझ्याकडं नगं बगू. धनिणीनं मागितलं, म्या दिलं." सगुणाबाई पाटीतला कोंडा म्हशीला घालायला गेल्या आणि गोठ्यातच बराच वेळ बसून राहिल्या. त्यांचीही नातच गेली होती, पण ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा ओसरीवर डाव्या कुशीवर पडली होती. चुलीपुढं सगुणाबाई होत्या. गडावरून एक घोळका उतरत होता, त्यांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. शेळ्या सुटल्या, आणि काठीचा आवाज आला. सुलक्षणाला वाटलं होतं, आज ती येणार नाही. आता तिचं काय आहे इथं?

धोंडाबाई दारात उभी राहिली. पदराला गाठ तशीच होती. ती जरा अडखळली, घसा साफ केला आणि म्हणाली, "काय गं, तुझं लेकरू काय म्हणतंय?"

सुलक्षणाच्या तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"थांबा, सांगते," ती म्हणाली, आणि पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली.